रेल्वे खासगी की सरकारी? गोव्याने अनुभवलेल्या तीन व्यवस्था

रेल्वे कोणाच्या मालकीची असावी, हा प्रश्न गोव्याला नवा नाही. खासगी, सरकारी आणि महामंडळ अशा तिन्ही व्यवस्था या भूमीने पाहिल्या आहेत.

मुरगाव-कॅसलरॉक मार्ग पोर्तुगीज राजवटीत एका ब्रिटिश कंपनीने बांधला. तो १८८८ मध्ये पूर्ण झाला. भांडवल खासगी असले तरी त्यावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने दिली होती. अपेक्षेइतकी मालवाहतूक न झाल्याने तोट्याचा भार सरकारी तिजोरीवरच आला. मुक्तीनंतर हा मार्ग भारतीय रेल्वेत समाविष्ट झाला.

साखळी, डिचोलीकरांना जवळचे थिवी स्थानक मात्र कोकण रेल्वेचे आहे. केंद्र सरकार तसेच महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही राज्ये यांच्या भागीदारीतून १९९० मध्ये हे महामंडळ स्थापन झाले. स्थापनेवेळी गोव्याचा वाटा ६ टक्के होता. स्वतंत्र निर्णयाधिकार आणि रोख्यांतून उभारलेला निधी यांमुळे सुमारे ७४० किलोमीटरचा दुर्गम मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्णत्वास गेला. मालट्रक रेल्वेवरून नेणारी रो-रो सेवाही याच महामंडळाने १९९९ मध्ये सुरू केली.

या स्वायत्ततेची किंमत प्रवासी मोजतात. भाडे आकारताना प्रत्यक्षापेक्षा ४० टक्के अधिक अंतर धरले जाते. दुपदरीकरणासारख्या मोठ्या कामांना महामंडळाचे उत्पन्न अपुरे पडते. पेडण्याच्या बोगद्यात ऑगस्ट २०२० मध्ये भिंत कोसळली, जुलै २०२४ मध्ये पाणी शिरले. दोन्ही वेळा वाहतूक खंडित झाली. अशा दुरुस्तीतून नफा मिळत नाही, पण ती टाळताही येत नाही.

परदेशांतील अनुभवही असाच आहे. जपानने १९८७ मध्ये रेल्वेचे विभाजन करून खासगीकरणाची वाट धरली. दाट वस्तीच्या होन्शू बेटावरील कंपन्या नफ्यात आल्या, विरळ वस्तीच्या होक्काइडोतील कंपनी तोट्यातच राहिली. ब्रिटनमध्ये रुळांची मालकी असलेली खासगी कंपनी हॅटफील्डच्या २००० मधील अपघातानंतर डबघाईस आली आणि २००२ मध्ये रूळ पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आले.

महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिल्यानंतर कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाचा मार्ग मोकळा झाला. त्यातून केंद्राचा निधी मिळण्याची आणि भाडे कमी होण्याची आशा आहे. मात्र भागधारक म्हणून गोव्याला असलेला आवाज त्यात हरपू शकतो. म्हणूनच पेडणे व थिवी येथील थांबे, बोगद्यांची देखभाल आणि स्थानिकांच्या नोकऱ्या यांबाबतच्या हमी राज्याने विलीनीकरणापूर्वीच लेखी मिळवणे हिताचे ठरेल.