नांवाची पेरणी

मृगाच्या तोंडावर जालन्यांतील बियाण्यांच्या दुकानांपुढें जी झुंबड उडते, तिच्यापुढें दिवाळीचा कापडबाजारही फिका पडावा. अमुकच नांवाचें कपाशीचें पाकीट हवें, हा तेथील हट्ट!

पूर्वीं घरची सरकी शेणमातींत चोळून पेरीत. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं याच शहरीं ‘महिको’ स्थापिली. संकरित वाणानें उत्पन्न वाढतें खरें; परंतु त्याचें बीं पुन्हां पेरल्यास तो गुण टिकत नाहीं, म्हणून दरसाल दुकानाची पायरी चढणें आलें. २००२ सालीं बीटी कपाशीस परवानगी मिळाली. २०१६ पासून केंद्र सरकार पाकिटाची कमाल किंमत ठरवूं लागलें. जनुक बहुधा तेंच, किंमतही तीच. मग निवड कशावरून करावी? वाणावाणांत भेद असतो, पण तो पीक उभें राहिल्यावर कळतो. तोंवर शेजाऱ्याचें गेल्या सालचें शेत आणि पाकिटावरील नांव, एवढाच आधार.

शहरांत नांवास भुललेल्या ग्राहकाचा फार तर एक सदरा वायां जातो. येथें कुटुंबाचें वर्ष बुडतें. घरची पारख अशी छापील नांवाच्या स्वाधीन झाली आहे. या गर्दीस खरेदीचें वेड म्हणून हंसण्यापूर्वीं वाचकांनीं एवढें ध्यानीं घ्यावें, असें आम्हांस वाटतें.