तस्कनीची वेल, अकलूजची माती

मिस्साच्या चषकातील द्राक्षारस निर्भेळ द्राक्षांचाच असावा, हा ख्रिस्तसभेचा दंडक आपण जाणतो. ती वेल कोणाच्या मळ्यात वाढते, हे मात्र क्वचितच विचारतो.

मारुंजीकडील मुळशीचा पाऊस भाताला मानवतो, द्राक्षाला नव्हे. इटलीतील तस्कनीच्या ‘सांजोवेझे’ या काळ्या द्राक्षाला घर मिळाले ते सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या कोरड्या रानात. (या नावाची फोड ‘जुपिटरचे रक्त’ अशी करतात. जुन्या रोमची ही आठवण!) २००६ च्या सुमारास येथील मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची या तीन घरांतील भावांनी भागीदारी केली, नाव ठेवले ‘फ्रातेली’, म्हणजे भाऊ.

खरी कसोटी होती ऋतुचक्राची. तस्कनीत वेल हिवाळ्यात निजते, तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे तिला तशी नीज नाहीच. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस सरताना फळछाटणी, आणि तोडणी थेट प्रायश्चित्तकाळाच्या आगेमागे! ही घडी बसवण्याचे काम तस्कनीच्या पिएरो मासी यांच्याकडे आले. सहा भाऊ आणि मासी मिळून सात. म्हणून सांजोवेझे व कॅबर्ने सोव्हिन्यों यांच्या, ओकच्या पिंपात मुरवलेल्या भारदस्त तांबड्या वाइनला त्यांनी ‘सेत्ते’ म्हटले. इटालियनमध्ये सेत्ते म्हणजे सात. साखर कारखान्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या अकलूजचे नाव त्या बाटलीवरून परमुलखात गेले.