मानसशास्त्राचा पदवी-शिक्षणांत प्रवेश

१

हिंदुस्थानांत मानसशास्त्राचें विद्यापीठीय अध्ययन इ. स. १९१६ मध्यें कलकत्त्यास सुरू झालें, असें विधान या विषयाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या प्रकरणांत आढळतें. विधान खोटें नाहीं; परंतु तें अपुरें आहे, आणि अपुरें विधान वारंवार छापलें गेलें म्हणजे तेंच प्रमाण होऊन बसतें. या एका वाक्यांत तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. एखादा विषय विद्यापीठांत शिकविला जाणें ही एक गोष्ट. त्या विषयाचा स्वतंत्र विभाग स्थापन होणें ही दुसरी. आणि शाळा सोडून नुकत्याच आलेल्या सामान्य विद्यार्थ्यास तो विषय प्रधान मानून पहिली पदवी घेतां येणें ही तिसरी. या तिहींचे काळ वेगळे, कारणें वेगळीं आणि परिणामही वेगळे आहेत. त्यांची फोड करून तिसरी गोष्ट कशी घडत गेली हें दाखविणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

कलकत्ता, मुंबई व मद्रास हीं तीन विद्यापीठें इ. स. १८५७ मध्यें स्थापन झालीं हें वाचकांस विदित आहेच. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारलेलीं हीं विद्यापीठें आरंभीं स्वतः शिकवीत नसत. संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन त्यांस पदव्या देत. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. इ. स. १८६२ मध्यें बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. त्या काळीं मनाचा विचार तत्त्वज्ञानाच्या पोटांत, तर्कशास्त्र व नीतिशास्त्र यांच्या शेजारीं बसून होत असे. अलेक्झांडर बेन, जेम्स सली आणि पुढें जी. एफ. स्टाउट यांचे ग्रंथ इंग्रजी शिक्षणांत या विषयाचे आधार होते. विद्यार्थी संवेदना, स्मृति, इच्छा यांचीं लक्षणें वाची, त्यांवर निबंध लिही आणि उत्तीर्ण होई. उपकरणाला हात लावण्याचा प्रसंग त्यास येत नसे.

याच सुमारास जर्मनींत निराळी घटना घडत होती. लायप्झिग येथें विल्हेल्म वुंट यांनीं इ. स. १८७९ मध्यें मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. तेथें ज्या प्रश्नांवर प्रयोग होत त्यांतील एकाचें मूळ ज्योतिषांत आहे. इ. स. १७९६ मध्यें ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलिन यांनीं आपल्या किनब्रुक नांवाच्या साहाय्यकास कामावरून दूर केलें. कारण तारा दुर्बिणींतील तारेवरून ओलांडण्याची त्यानें नोंदलेली वेळ मॅस्केलिन यांच्या नोंदीहून सुमारें पाऊण सेकंदानें मागें पडत असे. घड्याळाचा ठोका कानानें ऐकावयाचा आणि ताऱ्याचें स्थान डोळ्यानें पाहावयाचें, असें हें दुहेरी काम होतें. पुढें बेसेल या ज्योतिष्यानें दाखविलें कीं, असा फरक प्रत्येक दोन निरीक्षकांत असतोच. तो आळसाचा नव्हे, स्वभावाचा आहे. वुंट यांनीं हाच प्रश्न लंबकाच्या साहाय्यानें हातीं घेतला, आणि डोळा व कान यांच्याकडे अवधान एकाच क्षणीं देतां येत नाहीं, असें त्यांस आढळलें. एका बिचाऱ्याची नोकरी ज्या पाऊण सेकंदापायीं गेली, तसल्या सूक्ष्म कालांतून एक शास्त्र उभें राहिलें.

३

हें नवें शास्त्र आपल्याकडे आणण्याचा पहिला आराखडा बंगालचे तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील यांनीं इ. स. १९०५ मध्यें कलकत्ता विद्यापीठासाठीं तयार केला. कुलगुरु सर आशुतोष मुखर्जी यांच्या कारकीर्दींत त्या विद्यापीठानें केवळ परीक्षा घेणारी संस्था न राहतां अध्यापन करणारी संस्था होण्याचा मार्ग धरला होता; त्या धोरणांतच या विषयास जागा मिळाली. इ. स. १९१६ मध्यें प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला आणि नरेंद्रनाथ सेनगुप्त यांजकडे त्याची धुरा आली. सेनगुप्त हे अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखालीं शिकले होते, आणि म्युन्स्टरबर्ग हे स्वतः वुंट यांचे शिष्य. म्हणजे लायप्झिग, हार्वर्ड, कलकत्ता अशी ही गुरुपरंपरा तीन पिढ्यांत पूर्ण झाली.

परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. कलकत्त्याचा हा विभाग पदव्युत्तर अध्ययनासाठीं होता. त्यांत येणारा विद्यार्थी आधींच पदवीधर असे. गिरींद्रशेखर बोस यांचें उदाहरण बोलकें आहे. ते इ. स. १९१० मध्यें वैद्यकाचे पदवीधर झाले; व्यवसाय करीत असतां त्यांनीं इ. स. १९१७ मध्यें मानसशास्त्राची एम. ए. पदवी घेतली, आणि इ. स. १९२१ मध्यें दमनाच्या कल्पनेवरील प्रबंधास डी. एस्सी. मिळविली. त्याच सुमारास त्यांचा फ्रॉइड यांच्याशीं पत्रव्यवहार सुरू झाला आणि इ. स. १९२२ मध्यें त्यांनीं कलकत्त्यास मनोविश्लेषण-संस्था स्थापिली. असा विद्यार्थी कोणत्याही विभागास भूषणच. पण तो सामान्य विद्यार्थी नव्हे. कलकत्त्यानें या शास्त्राचे संशोधक निर्माण केले. त्याचा सार्वत्रिक पाठ सुरू होणें अद्याप बाकी होतें.

विषयास बाह्य प्रतिष्ठा मात्र लवकर लाभली. इ. स. १९२३ मध्यें भारतीय विज्ञान परिषदेंत मानसशास्त्राची स्वतंत्र शाखा झाली, इ. स. १९२४ मध्यें भारतीय मानसशास्त्र-संघ निघाला, इ. स. १९२५ मध्यें त्याचें नियतकालिक सुरू झालें. स्वतंत्र विभाग निघून अवघीं नऊ वर्षें झालीं होतीं.

४

इ. स. १९२४ हें वर्ष आणखी एका कारणासाठीं महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं म्हैसूर विद्यापीठांत मानसशास्त्राचा विभाग निघाला. म्हैसूर विद्यापीठ इ. स. १९१६ मध्येंच स्थापन झालें होतें, आणि या काळांत त्याचे कुलगुरु होते तेच ब्रजेंद्रनाथ सील. कलकत्त्याचा आराखडा ज्यांनीं आंखला त्यांच्याच कारकीर्दींत म्हैसूरचा विभाग उघडावा, हा निव्वळ योगायोग मानणें कठीण आहे. विभागाचे प्रमुख एम. व्ही. गोपालस्वामी हे लंडन येथें स्पिअरमन यांच्या हाताखालीं तयार झाले होते. बुद्धीचें एक सामान्य अंग असतें व तें मोजतां येतें, हें मत मांडणारे ते स्पिअरमन.

कलकत्ता व म्हैसूर यांच्यांत मला महत्त्वाचा वाटणारा भेद हा, कीं म्हैसूरचा विभाग महाराजा महाविद्यालयाच्या आश्रयानें वाढला, जेथें बी. ए. च्या वर्गांची परंपरा जुनी होती. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलास मनाचें शास्त्र शिकवावयाचें म्हटलें कीं सर्व मांडणी बदलते. एम. ए. चे चार विद्यार्थी एका उपकरणाभोंवतीं उभे राहूं शकतात. मोठ्या वर्गास उपकरणांचे संच लागतात. एकानें प्रयोग करावयाचा, दुसऱ्यानें स्वतःवर तो करूं द्यावयाचा, मग भूमिकांची अदलाबदल करावयाची, निरीक्षणें कोष्टकांत मांडावयाचीं आणि अंतर्निरीक्षणाची टीप लिहावयाची, ही पदवी-वर्गाची प्रात्यक्षिक-पद्धति आजतागायत चालू आहे. तींत विद्यार्थ्यास प्रथमच कळतें कीं आपलें मन हें केवळ बोलण्याचें साधन नसून पाहण्याचाही विषय आहे.

गोपालस्वामी यांच्याविषयीं एक गोष्ट वाचकांस कौतुकाची वाटेल. त्यांनीं इ. स. १९३५ मध्यें म्हैसूरांत आपल्या राहत्या घरीं एक ध्वनिक्षेपण-केंद्र उभारलें. त्याचें नांव ‘आकाशवाणी’. पुढें स्वतंत्र भारताच्या सरकारी नभोवाणीनें तेंच नांव स्वीकारलें. आज घरोघर रूढ असलेल्या या शब्दाचा म्हैसूरच्या एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकाशीं असा संबंध आहे, हें मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसही सहसा ठाऊक नसतें.

५

आतां एका आक्षेपाचा विचार करणें अवश्य आहे. आमच्या संस्कृत-अभ्यासकांत असें म्हणणारे पुष्कळ भेटतात कीं, हें शास्त्र परदेशांतून आणण्याचें कारणच काय? मनाचा विचार आमच्या दर्शनांत पूर्वींच झाला आहे. या म्हणण्यांत तथ्यांश आहे. एकाच वेळीं अनेक ज्ञानें उत्पन्न होत नाहींत, हें न्यायदर्शनानें मनाच्या अस्तित्वाचें गमक मानलें आहे. फिरविलेल्या कोलितांचें जसें अखंड वर्तुळ दिसतें, तसें शीघ्र गतीमुळें ज्ञानांचें यौगपद्य भासतें, असें त्या दर्शनाचें समाधान आहे. आणि कमळाच्या शंभर पाकळ्या सुईनें एकदम भेदल्या असें वाटतें, पण त्या क्रमानेंच भेदल्या जातात, हा दृष्टांतही पंडितांच्या परिचयाचा आहे. लायप्झिगचा लंबक आणि नैयायिकांचें कोलीत एकाच प्रश्नाभोंवतीं फिरत आहेत, हें कोणासही दिसेल.

परंतु प्रश्न एक असणें म्हणजे शास्त्र एक असणें नव्हे. नैयायिकानें अनुमान केलें. वुंट यांनीं मापन केलें. नैयायिकास मन हें अणुपरिमाण द्रव्य सिद्ध करावयाचें होतें. वुंट यांस दोन संवेदनांमधील अंतर मोजावयाचें होतें. दोहोंचा आदर करावा, पण एकाचें श्रेय दुसऱ्यास देऊं नये. सील यांचें वैशिष्ट्य हेंच कीं, त्यांनीं दोन्ही बाजू जाणल्या. प्राचीन हिंदूंच्या भौतिक शास्त्रांवरील त्यांचा ग्रंथ इ. स. १९१५ मध्यें प्रसिद्ध झाला. आणि त्याच गृहस्थांनीं प्रयोगशाळेचा अभ्यासक्रमही आंखला. प्राचीनांचा अभिमान हा प्रयोग न करण्याची सबब त्यांनीं होऊं दिला नाहीं.

खेदाची गोष्ट एवढीच कीं, हा दुहेरी दृष्टिकोन पदवीच्या पाठ्यक्रमांत फारसा उतरला नाहीं. बी. ए. चा विद्यार्थी वुंट व जेम्स यांचीं नांवें पाठ करी. प्रत्यक्ष, संस्कार, स्मृति, अवधान हे शब्द मात्र त्यास केवळ इंग्रजी संज्ञांचे प्रतिशब्द म्हणून भेटत. ज्या शब्दामागें दोन हजार वर्षांचा वाद आहे, तो शब्द परिभाषा-कोशांतील एक ओळ होऊन राहिला.

६

महाराष्ट्राचा भाग या इतिहासांत उशिरां येतो, पण तो उपेक्षणीय नाहीं. व्ही. व्ही. कामत यांनीं बिने यांच्या बुद्धिमापन-कसोट्यांचें कानडी व मराठी मुलांसाठीं संस्करण केलें; त्यांचा इंग्रजी ग्रंथ इ. स. १९४० मध्यें प्रसिद्ध झाला. बिने-कामत या जोडनांवानें ती कसोटी आजही मानसशास्त्रज्ञांस परिचित आहे. मराठी मुलाचें मन मराठींतच मोजलें पाहिजे, हें तत्त्व तींत प्रत्यक्ष आचरणांत आलें. पुणें विद्यापीठ इ. स. १९४९ मध्यें स्थापन झालें आणि लगेच पुढील वर्षीं, म्हणजे इ. स. १९५० मध्यें, तेथें प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला; प्रा. व्ही. के. कोठुरकर यांनीं त्याची उभारणी केली. मुंबई विद्यापीठांत उपयोजित मानसशास्त्राचा विभाग इ. स. १९५९ मध्यें निघाला.

हा विलंब आपल्याच मागासलेपणाचा द्योतक आहे असें मात्र कोणी समजूं नये. ऑक्सफर्डसारख्या प्राचीन विद्यापीठांत मानसशास्त्र घेऊन पहिली पदवी मिळविण्याची सोय इ. स. १९४७ मध्यें झाली, आणि तीही तत्त्वज्ञान व शरीरशास्त्र यांच्या जोडीनें. कलकत्त्याचा विभाग त्याहून एकतीस वर्षांनीं व म्हैसूरचा तेवीस वर्षांनीं जुना आहे. जुन्या संस्थांस विषयांच्या भिंती हलविणें जड जातें. नव्या संस्थांस तें सोपें जातें. म्हैसूर व पुणें हीं दोन्ही उदाहरणें याच नियमाचीं आहेत. दोन्ही ठिकाणीं विद्यापीठ कोवळें असतांनाच विभाग निघाला.

७

वरील विवेचनाचें तात्पर्य असें. हिंदुस्थानांत मनाचा विचार पदवी-शिक्षणांत प्रथम तत्त्वज्ञानाचा अंश म्हणून आला, इ. स. १९१६ मध्यें तो पदव्युत्तर स्वतंत्र विभाग झाला. आणि सामान्य विद्यार्थ्याच्या हातीं जाण्याची वाट त्यानंतर महाविद्यालयांतून हळूहळू तयार झाली. यांस्तव ‘१९१६ मध्यें अध्ययन सुरू झालें’ असें न लिहितां ‘१९१६ मध्यें पहिला स्वतंत्र विभाग निघाला’ असें पाठ्यपुस्तकांनीं लिहावें. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वयें पदवीचा आकार पुन्हा बदलत असतां, आणि या विषयाकडे विद्यार्थ्यांचा ओढा मोठा असतां, ही शुद्धता केवळ पंडिती हौस नाहीं. आपण निवडलेला विषय कोठून आला, कोणत्या दोन घरांचा तो वारस आहे, हें प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींस कळलें पाहिजे.

राहतां राहिली साधनांची गोष्ट. या इतिहासाचीं खरीं कागदपत्रें म्हणजे विद्यापीठांच्या जुन्या दिनदर्शिका, प्रश्नपत्रिका, उपकरणांच्या खरेदी-नोंदी आणि विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक-वह्या. एका महाविद्यालयांत अशा वह्यांचे गठ्ठे रद्दीच्या तराजूंत पडतांना मीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. त्यांतील प्रत्येक वहींत एका तरुणानें दुसऱ्याच्या स्मरणाची, अवधानाची, थकव्याची केलेली नोंद होती. पिढ्यांच्या मनाचें असें दफ्तर पुन्हा मिळणार नाहीं. बखरी व मोडी रुमाल जपण्याची संवय आपल्या मंडळींस लागली आहे. तीच दृष्टि या वह्यांकडे वळावी. ज्या सभासदांच्या परिचयाच्या महाविद्यालयांत असे गठ्ठे अद्याप शिल्लक असतील, त्यांनीं ते विकले जाण्यापूर्वीं निदान वर्ष, विषय व पृष्ठसंख्या यांची यादी करून मंडळाकडे धाडावी, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.