हाली सिक्क्यातली मराठी

मुदखेडचा भंगारवाला असो की हैदराबादचा जुमेरात बाजार, जुन्या नाण्यांचा ढीग दिसला की आम्ही उकिडवे बसतोच. चारमिनारचा सिक्का हाती लागला की आधी कमान पाहायची. तिथे 'मीम' असेल तर महबूब अली खानांचा, 'ऐन' असेल तर उस्मान अली खानांचा.

पण खरा खजिना म्हणजे नोट. १९१८पासून निजाम सरकारने काढलेल्या नोटांवर उर्दूबरोबर तेलुगू, कन्नड आणि मराठीही आहे. दरबार उर्दूचा, पण मराठवाड्याचा बाजार मराठीचा, हे सरकारलाही कळत होते. १९४८मध्ये संस्थान गेले, पुढे चलनही गेले. 'उर्दू आमची, मराठी तुमची' ही वाटणी मात्र अजून ऐकू येते. म्हणून दादाजानची पेटी रद्दीत देण्याआधी एकदा उघडून पाहा.