खारघरची प्रयोगशाळा आणि परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज

पनवेलहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले की खांदेश्वर, मानसरोवर आणि त्यानंतर खारघर. खारघर आता पनवेल महानगरपालिकेच्याच हद्दीत आहे. तेथील टाटा स्मारक केंद्र आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. घरातील रुग्णाला घेऊन तेथे जाण्याची वेळही काहींवर आली असेल. परंतु त्याच आवारात कर्करोग-संशोधनाच्या मोठ्या प्रयोगशाळा आहेत आणि तेथे एम.एस्सी. झालेली मुले-मुली विद्यावेतन घेऊन पीएच.डी. करतात, ही गोष्ट फार थोड्या पालकांच्या कानावर गेलेली असते. बारावीत चांगले गुण पडले की आपण मुलाला एकच प्रश्न विचारतो, "डॉक्टर होणार की इंजिनिअर?" आणि वैद्यकीय प्रवेश हुकला की विज्ञान संपले असे समजून मोकळे होतो.

वाचकहो, या खारघरच्या संस्थेचा थोडा इतिहास आपणांस सांगावयाचा आहे. तो इतिहास म्हणजे एका शिष्यवृत्तीचे फळ कसे दिसते याची कहाणी आहे.

मुंबईस परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. त्यांचे स्वतःचे विकृतिशास्त्राचे शिक्षण लंडनला झालेले. परदेशी शिक्षणाचा उपयोग कशासाठी करावयाचा, याची त्यांना पक्की जाण होती. त्यांच्या हाताखाली कमल रणदिवे नावाची एक तरुण संशोधिका काम करू लागली. पूर्वाश्रमीच्या त्या कमल समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने निवडले वनस्पती आणि प्राणिशास्त्र. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून त्यांनी १९४३ साली एम.एस्सी. केले, तेही सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर! सीताफळापासून निघालेली ही वाट कर्करोगापर्यंत पोहोचली आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना मिळाली.

पुढे खानोलकरांच्या प्रोत्साहनाने त्यांनी परदेशी शिष्यवृत्ती मिळविली आणि अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या गेल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, जिवंत ठेवून वाढविण्याच्या तंत्रासाठी ही प्रयोगशाळा प्रसिद्ध होती. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी तेथेच प्रथम अखंड वाढविण्यात आल्या. त्या बाईची परवानगी मात्र कोणी घेतली नव्हती, हेही विज्ञानाच्या इतिहासात नोंदलेले आहे.

आता पाहा, कमलताईंच्या हाताशी तीन गोष्टी होत्या. एक, कर्करोग कसा होतो हा नेमका प्रश्न. दोन, त्या प्रश्नासाठी लागणारे आणि मुंबईस उपलब्ध नसलेले तंत्र. तीन, परत येऊन ते तंत्र जेथे रुजवावयाचे ती जागा आणि तिची वाट पाहणारे गुरू. परत आल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली; ती देशातील पहिल्या अशा प्रयोगशाळांपैकी होय. स्तनांचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग आणि कुष्ठरोगाचे जंतू यांवर तेथे काम झाले. १९६६ पासून १९७० पर्यंत त्या केंद्राच्या संचालक होत्या. १९७३ साली त्यांनी सहकारी स्त्रियांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. तिचे केंद्र आपल्या जवळच, वाशीला आहे. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांनी वाढविलेली ती कर्करोग संशोधन संस्थाच पुढे परळहून खारघरला आली. एका मुलीच्या शिष्यवृत्तीचा लाभ असा आपल्या वेशीपर्यंत पोहोचला आहे.

दुसरे उदाहरण कमला सोहोनी यांचे. पूर्वाश्रमीच्या त्या कमला भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून उत्तम रीतीने पदवी मिळवून त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. त्या स्वतः तेथे गेल्या, हटून बसल्या आणि एक वर्षाच्या परीक्षेवर प्रवेश मिळविला. तेथे दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम करून पुढे शिष्यवृत्तीच्या बळावर त्या केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्याच्या पेशींवर काम करीत असताना, पेशींच्या श्वसनात भाग घेणारे 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखविले. १९३९ साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता. पुढे मुंबईस येऊन त्यांनी नीरा आणि गोरगरिबांच्या आहारातील इतर पदार्थांच्या पोषणमूल्यांवर काम केले. एकदा आलेला नकार म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, आणि कामाचे मोल पानांच्या संख्येत नसते, एवढे यावरून घ्यावे.

तिसरे उदाहरण ओबेद सिद्दिकी यांचे. उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात जन्मलेले, अलीगढ विद्यापीठात शिकलेले हे गृहस्थ ग्लासगोला डॉ. पॉन्टेकोर्वो यांच्याकडे पीएच.डी. करून अमेरिकेत पेन्सिल्वेनिया विद्यापीठात संशोधनास गेले. तेथे त्यांचे काम पाहून प्रख्यात शास्त्रज्ञ लिओ सिलार्ड यांनी डॉ. होमी भाभा यांना पत्र लिहिले. १९६२ साली सिद्दिकी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. २००६ साली ते पद्मविभूषण झाले. शिफारसपत्राचे सामर्थ्य हे असे. ते पत्र ओळखीच्या पुढाऱ्याचे नव्हते. ज्याने काम जवळून पाहिले, त्याचे होते.

काळ बदलला, तरी अर्जाचा गाभा फारसा बदललेला नाही. युरोपीय संघाची मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी शिष्यवृत्ती घ्या. तिच्यासाठी पीएच.डी. झालेली असावी लागते. ज्या देशात जावयाचे तेथे अगोदरच्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले चालत नाही. आणि अर्ज एकट्याने करून भागत नाही, यजमान प्रयोगशाळेबरोबर करावा लागतो. तपासणारे शंभरांपैकी पन्नास गुण योजनेच्या गुणवत्तेला, तीस तिच्या परिणामाला आणि वीस ती पार पाडण्याच्या आखणीला देतात. 'ह्यूमन फ्रंटिअर' नावाची आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती तर अर्जदाराने नवा देश आणि आपल्या जुन्या कामाहून वेगळी दिशा, दोन्ही स्वीकारावीत असे मागते. कमलताई सीताफळाकडून कर्करोगाकडे वळल्या, ते याच वृत्तीने. आपल्या देशातही वेलकम ट्रस्ट आणि केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मिळून २००८ पासून तरुण वैद्यकीय संशोधकांना शिष्यवृत्त्या देण्यास सुरुवात केली.

येथे पालकांना दोन शब्द. संशोधन म्हणजे श्रीमंतांचा छंद, ही समजूत सोडून द्यावी. 'नेट' किंवा तत्सम परीक्षा उत्तीर्ण होऊन विद्यावेतन मिळविणाऱ्याला दरमहा रक्कम मिळते; घरातून पैसा ओतावा लागत नाही. परदेशी शिष्यवृत्तीतही प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च बहुधा देणारी संस्थाच सोसते. मात्र अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२ साली बंद केली. त्यामुळे आता आपल्या मुलांना खुल्या स्पर्धेतच उतरावे लागणार. तयारी लवकर सुरू करणे हाच त्यावर उपाय. आणि मुलीच्या बाबतीत "इतक्या लांब कशी पाठवू?" हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु वर सांगितलेल्या दोन्ही कमला ज्या काळात सातासमुद्रापार गेल्या, त्या काळात घरी खुशालीचे पत्र पोहोचावयास बराच वेळ लागे. आज मुलगी रोज रात्री फोनवर दिसते.

विद्यार्थ्यांनो, अर्जाची तयारी अर्जाच्या वर्षी होत नसते. शाळेच्या प्रयोगवहीत दुसऱ्याचे निरीक्षण उतरवून घेण्याची सवय आजच सोडा; चुकलेला प्रयोग चुकला म्हणूनच लिहा. गणित आणि इंग्रजी यांना भिऊ नका, कारण दहा पानांत आपला प्रश्न परक्याला पटवून द्यावा लागतो. पदवीला गेलात की एखाद्या प्राध्यापकांच्या हाताखाली उन्हाळ्याच्या सुटीत काम मागा. पुढे शिफारसपत्र तेच देतील. ज्या शास्त्रज्ञाकडे जावयाचे, त्याचे निबंध वाचून मगच त्याला पत्र लिहा, आणि पत्रात आपले गुण सांगण्याआधी आपला प्रश्न सांगा. दहा पत्रांना उत्तर आले नाही तर अकरावे लिहा.

आणि अर्जाच्या शेवटी "परत आल्यावर काय करणार?" असा प्रश्न आला, तर त्याचे उत्तर घाईने लिहू नका. आपल्या तालुक्यात, आपल्या मोहल्ल्यात कोणते आजार घराघरांत ठाण मांडून बसले आहेत, याचा आधी विचार करा. मधुमेह, क्षयरोग, तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग हे सारे आपण डोळ्यांनी पाहत आहोत. त्यांतील एखाद्या रोगाविषयी आपल्याच शाळेतील मुलगा किंवा मुलगी काही नवे शोधून काढील, तर त्या शोधाला लागणारी प्रयोगशाळा कदाचित लोकलच्या तिसऱ्या स्टेशनावरच मिळेल.