मासे, कोळंबीपासून माणसाला कोरोना होतो का?

मासे, कोळंबी, खेकडे यांना कोविड-१९ च्या विषाणूची लागण होऊन तो माणसात आल्याचा पुरावा नाही. तरीही अशी अफवा पसरली की ग्राहक मासळी टाळतो आणि काढणीला आलेल्या तळ्याचा भाव पडतो. २०२० च्या सुरुवातीला अशाच अफवेने राज्यातील ब्रॉयलर कोंबडीचे दर कोसळले होते.

संशय कोठून आला?

डिसेंबर २०१९ मध्ये चीनमधील वुहानचे सुरुवातीचे अनेक रुग्ण हुआनान सीफूड मार्केटशी संबंधित होते. मात्र तेथे मासळीबरोबर जिवंत वन्य सस्तन प्राणीही विकले जात. हा विषाणू बीटाकोरोना गटातील असून या गटाचे विषाणू सस्तन प्राण्यांत आढळतात. पेशीत शिरताना तो एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो. माशांत या प्रथिनाची रचना वेगळी असल्याने त्याला पकड मिळणे अवघड असते. कोळंबीचा पांढरे ठिपके रोगही विषाणूजन्य आहे, पण तो माणसाला होत नाही.

मग धोका कशाचा?

जून २०२० मध्ये बीजिंगच्या शिनफादी बाजारात आयात सॅमन कापण्याच्या फळीवर विषाणूचे अंश सापडले. सॅमन दुकानांतून हटवला गेला, पण माशाला लागण झाल्याचा पुरावा मिळाला नाही. बाधित माणसाच्या शिंतोड्यांतून विषाणू फळी, क्रेट किंवा मासळीवर पडू शकतो आणि थंडाव्यात जास्त काळ टिकतो. मुख्य धोका मात्र लिलावातील, बाजारातील माणसांच्या गर्दीचा आहे.

काय करावे?

- ताप, खोकला असलेल्या मजुराला काढणी व प्रतवारीच्या कामावर घेऊ नये.
- हाताळणीपूर्वी व नंतर हात साबणाने धुवावेत.
- जाळी, क्रेट, वजनकाटा, सुरी व फळी रोज धुऊन वाळवावी.
- बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच वापरावा. मासळी व बर्फाचे प्रमाण १:१ ठेवावे.
- मासळी नीट शिजवून खावी. कच्च्या मासळीचे पाणी इतर अन्नाला लागू देऊ नये.

काय टाळावे?

- कोरोनाच्या भीतीने तळ्यात जंतुनाशके किंवा प्रतिजैविके टाकू नयेत. प्रतिजैविकांचा विषाणूवर परिणाम होत नाही; उलट मासळीत अवशेष राहून माल नाकारला जाऊ शकतो.
- मासळी साबण किंवा सॅनिटायझरने धुऊ नये. स्वच्छ पाणी पुरेसे आहे.
- अफवा ऐकून घाईने, मिळेल त्या भावात तळे रिकामे करू नये. आधी मत्स्यव्यवसाय विभाग किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे खात्री करावी.