व्यसन सुटल्यानंतरची ओझी

पुण्याने व्यसनाशी घेतलेल्या झुंजीला जवळपास दीडशे वर्षे होत आली. १८८० साली नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी शहरात दारूची दुकाने वाढवायला लेखी विरोध केला. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे उभे राहिले. पुढे १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला, १९८५ मध्ये अमली पदार्थांविरुद्धचा केंद्रीय कायदा झाला. ही सगळी कामे मोलाची होती. पण त्यांचे लक्ष होते दुकान, माल आणि परवाना यांवर. ज्याने दारू सोडली आहे, पण ज्याच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज आहे, ज्याच्यावर बायकोचा विश्वास उरलेला नाही आणि ज्याला रात्री झोप येत नाही, त्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न या इतिहासात फार उशिरा आला. तो आला तेव्हाच व्यसनमुक्तीचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले, असे माझे मत आहे.

तो टप्पा १९८६चा. गर्दच्या (ब्राऊन शुगरच्या) व्यसनात मुंबई-पुण्यातली तरुण मुले ओढली जात होती. लेखक अनिल अवचटांनी त्यावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी त्याची घडी बसवली. गर्द बंद झाल्यावर अंग मोडून काढणारी ‘टर्की’ साधारण आठवड्याभरात ओसरते. अस्वस्थता आणि झोपेची तक्रार मात्र महिनोन्‌महिने रेंगाळू शकते. शरीर विषमुक्त करून माणसाला घरी धाडले, तर काम अर्धेच होते. म्हणून तिथे राहण्याचा काळ काही आठवड्यांचा ठेवला गेला, घरी गेल्यानंतरच्या पाठपुराव्याला महत्त्व आले, पत्नींसाठी ‘सहचरी’ गट झाला आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक म्हणून उभी राहिली. चिंता घेऊन जगायला शिकवणे हा उपचाराचाच भाग झाला.

हे शहाणपण जगाने आधी एकदा अनुभवले होते. मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन हा दारू सोडलेला माणूस हॉटेलात एकटा होता. धंद्यातला व्यवहार फसला होता, खिसा जवळपास रिकामा होता, आणि शेजारीच बार होता. त्याने दुसरा कोणी दारुडा भेटतो का हे पाहण्यासाठी फोन फिरवले; त्यातून डॉ. बॉब स्मिथ यांची भेट झाली आणि दारू सोडू पाहणाऱ्यांची ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना जन्माला आली. विल्सनची पैशाची अडचण त्या भेटीने मिटली नाही. तरीही तो त्या दिवशी प्यायला नाही. चिंता आणि पिणे यांची गाठ सोडवता येते, त्यासाठी चिंता संपायची वाट पाहावी लागत नाही, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला दिसत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: कर्ज आणि बेकारी बोलून फिटत नाहीत. खरेच आहे. पुण्यातल्या बिबवेवाडीकडे पाहिले की हे पटते. एका अंगाला गुलटेकडीचे मार्केट यार्ड, तिथली अंगमेहनत. दुसरीकडे अप्पर इंदिरानगरच्या दाट वस्त्या. इथल्या हातावर पोट असणाऱ्या माणसाला धीराच्या शब्दांइतकीच नियमित मजुरीची गरज आहे. हमालांसाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला, भविष्यनिर्वाह निधी आणि रजेचा हक्क आला. अशी सुरक्षितता मिळाली की चिंतेचा एक मोठा हिस्सा खरोखर कमी होतो. पण ती मिळेपर्यंत सोबतीला माणूस हवा. दुसरा आक्षेप असा, की एवढी काळजी घेणे म्हणजे लाड करणे. स्वतः केले, स्वतःच निस्तरावे. निस्तरायचे त्यालाच आहे, हे कबूल. पण व्यसन पुन्हा उलटू शकणारा आजार आहे, आणि एकटेपणात ते उलटण्याची भीती वाढते. मधुमेह्याला पथ्य पाळताना घरच्यांनी साथ दिली तर त्याला लाड म्हणत नाहीत.

येरवडा बिबवेवाडीपासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. केंद्रात माणूस काही आठवडे राहतो. उरलेले आयुष्य त्याला आपल्याच गल्लीत, त्याच सावकारांच्या आणि जुन्या दोस्तांच्या मधून काढायचे असते. म्हणून पुढचे काम वस्तीत व्हायला हवे. कामगार विमा रुग्णालय, महापालिकेचे दवाखाने, गणेश मंडळे, बचत गट हे सारे बिबवेवाडीत हाताशी आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ आणि एक खोली त्यांनी या माणसांना व त्यांच्या घरच्यांना द्यावी. आणि शेजाऱ्यांनो, परत आलेल्या माणसाला ‘सुटली का एकदाची?’ असे विचारू नका. ‘आज कसे आहात?’ एवढे विचारा आणि उत्तर ऐकायला थांबा.